खेळाडू घडवणाऱ्यांचा पगार

२ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक अमोल मुजुमदार. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून जास्त धावा करूनही त्यांना भारताकडून एकही सामना खेळायला मिळाला नव्हता. त्यांचे गुरू रमाकांत आचरेकर यांच्या नावावर तर एकच प्रथम श्रेणी सामना आहे. पण स्कूटरवर मुलाला मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामन्यासाठी नेणारे आचरेकर सर मुंबई क्रिकेट कधी विसरणार नाही. त्यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री.

प्रशिक्षक व्हायचे म्हणणाऱ्या मुलामुलींना या दोघांकडे पाहून धीर यावा. स्वतः मोठा खेळाडू असणे ही या कामाची अट नाही. मात्र आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: आचरेकर सर स्टेट बँकेत नोकरीला होते. खेळाडू घडवायचे काम आपल्याकडे अशा दुसऱ्या कुठल्या तरी नोकरीच्या आधारावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. ते काम आता स्वतःच्या पायावर उभे राहू लागले आहे का, कुठे उभे राहिले आणि कुठे अजून लंगडते आहे, हे इथे पाहायचे आहे.

आपल्याकडचा सर्वांत जुना पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणजे तालमीतला वस्ताद. पठ्ठ्याचा खुराक, झोप, जोर-बैठका, मातीतली लढत, सगळे एकाच माणसाच्या नजरेखाली. आज ज्याला आपण आहारतज्ज्ञ, ट्रेनर आणि मानसशास्त्रज्ञ म्हणतो, ती सगळी कामे तो जमेल तशी करत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी या विद्येला राजाश्रय दिला आणि खासबागेचे मैदान उभारले. राजाश्रय संपल्यावर या कामाचा खर्च कोणी उचलायचा, हा प्रश्न उघड्यावर पडला. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाऊन खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले, त्या प्रवासासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले होते. पुढे खाशाबा पोलीस खात्यात फौजदार झाले. त्यांच्यासारख्या मल्लाला पूर्णवेळ प्रशिक्षक म्हणून सन्मानाने नेमणारी व्यवस्था तेव्हा नव्हती.

शिक्षणाची सोय मात्र त्याआधीच सुरू झाली होती. अमरावतीच्या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढले आणि १९३६ मध्ये मंडळाच्या चमूने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. मद्रासला हॅरी बक यांनी १९२० मध्ये वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. ग्वाल्हेरचे लक्ष्मीबाई महाविद्यालय १९५७ चे. हे तिन्ही प्रयत्न मुख्यतः व्यायामशिक्षक घडवणारे होते. एखाद्या विशिष्ट खेळाचा प्रशिक्षक तयार करणारी संस्था आली ती १९६१ मध्ये, पतियाळाच्या मोतीबाग राजवाड्यात. तिच्या इंग्रजी नावाची ‘एनआयएस’ ही तीन अक्षरे नावापुढे असणे हा तेव्हापासून आजपर्यंत प्रशिक्षकाचा सरकारमान्य शिक्का आहे. १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर १९८४ मध्ये भारतीय क्रीडा प्राधिकरण म्हणजे साई स्थापन झाले आणि १९८५ मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार सुरू झाला. त्या पहिल्या वर्षीच्या मानकऱ्यांत कुस्तीचे भालचंद्र भागवत होते.

आज नोकऱ्या आहेत कुठे? सर्वांत ओळखीचा रस्ता शाळेचा. बी.पी.एड. करायचे आणि ‘पीटीचे सर’ किंवा ‘पीटीच्या मॅडम’ व्हायचे. २०१४ च्या नियमांपासून ही पदवी दोन वर्षांची झाली. अनुदानित शाळेतली नेमणूक मिळाली तर पगार आणि निवृत्तीपर्यंतची शाश्वती मिळते, पण भरती वर्षानुवर्षे रखडते आणि मिळालेल्या जागेवरही शिकवायला वेळ मिळतोच असे नाही. प्रार्थनेच्या रांगा, शिस्त, परीक्षेचे पर्यवेक्षण, निवडणुकीचे काम, सवलतीच्या गुणांचे प्रस्ताव, स्नेहसंमेलन, सगळे याच शिक्षकावर येते. तरीही या जागेचे मोल मी फार मानतो. खेड्यातल्या मुलीला आयुष्यात पहिल्यांदा कोणी तरी ‘तू पळतेस छान’ असे म्हणते, ते बहुधा शाळेतच. तिथे डोळस माणूस नसेल तर पुढची सगळी यंत्रणा रिकामी फिरते.

क्रीडा अधिकारी हा दुसरा रस्ता. राज्य लोकसेवा आयोगातून जिल्हा क्रीडा अधिकारी होता येते, पण ते काम प्रशासनाचे: स्पर्धा, अनुदान, संकुले, फायली. ज्याला मैदानावर घाम गाळायचा आहे त्याने हे आधीच समजून घ्यावे. क्रीडा खात्यात मैदानावरचे काम क्रीडा मार्गदर्शक करतात. साईमध्येही प्रशिक्षकपदे आहेत, त्यांना एनआयएसची पदविका किंवा तशाच तोडीची खेळातली कामगिरी लागते. मात्र गेल्या काही वर्षांत कंत्राटी नेमणुका हीच रीत झाली आहे. चार वर्षांचे ऑलिंपिक चक्र संपले की करारही संपण्याच्या बेतात असतो, आणि दहा वर्षांचा विचार करायला सांगितलेला माणूस स्वतःच्या पुढच्या वर्षाबद्दल बोलू शकत नाही.

लष्कराने हा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवला. पुण्यातली आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट २००१ पासून खेळाडू आणि प्रशिक्षक दोघांनाही एका छताखाली सांभाळते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे शाळेत जाताना पळत असे, पण स्पर्धेचे पळणे त्याला सापडले ते महार रेजिमेंटमध्ये गेल्यावर. स्टीपलचेस हा तुझा प्रकार आहे हे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी ओळखले. २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने रौप्यपदक मिळवले. सियाचिनमध्ये पहारा दिलेल्या जवानात जागतिक दर्जाचा धावपटू दिसणे याला नजर लागते. ती नजर ज्याच्याकडे आहे, त्याला पगाराची चिंता नसावी एवढी सोय लष्कराने केली.

खासगी बाजारही वाढला आहे. फुटबॉलमध्ये प्रशिक्षकाच्या परवान्यांची उतरंड सगळ्यांत स्पष्ट आहे: अखिल भारतीय महासंघाचा डी परवाना, मग सी, बी, ए आणि शेवटी आशियाई महासंघाचा प्रो. क्रिकेट मंडळाचे लेव्हल एक ते तीन आहेत, बॅडमिंटन आणि अ‍ॅथलेटिक्सच्या जागतिक संघटनांचे आपापले अभ्यासक्रम आहेत. गोव्यात या वाटेने किती उंची गाठता येते ते आर्मांदो कुलासो यांनी दाखवले. धेंपो क्लबला त्यांनी पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले, २०११ मध्ये ते भारताचे प्रशिक्षक झाले आणि जीवनगौरव द्रोणाचार्य पुरस्कारापर्यंत पोहोचले. कबड्डीला २०१४ पासून प्रो लीगचे पैसे दिसू लागले. पण लीगचे काम हंगामी असते. पुण्या-मुंबईतल्या तरुण प्रशिक्षकाचा नेहमीचा दिवस वेगळाच: पहाटे अकादमी, दुपारी एखादी इंटरनॅशनल शाळा, संध्याकाळी हाउसिंग सोसायटीच्या लॉनवर दहा-बारा मुले. तीन ठिकाणचे पैसे जोडून महिना निघतो. रजा, भविष्यनिर्वाह निधी, विमा यांतले काही नाही. घोटा मुरगळला तर त्या महिन्याचे उत्पन्नही गेले.

एका मोठ्या रोजगाराची मात्र कोणत्याच करिअर मार्गदर्शनात दखल घेतली जात नाही. तो म्हणजे भरती अकादमी. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात, विदर्भात पहाटे पाचला कुठल्याही तालुक्याच्या रस्त्यावर जा, पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारी पोरे-पोरी पळताना दिसतील. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मैदानी चाचणीच्या ५० गुणांवर कित्येक घरांचे भवितव्य टांगलेले असते. या अकादम्या चालवतात माजी सैनिक, जिल्हा पातळीवर खेळलेले धावपटू, भरतीत एक-दोन गुणांनी मागे राहिलेली मुले. त्यांची तळमळ खरी असते. पण डांबरी रस्त्यावर, झिजलेल्या बुटांत, रोज पूर्ण ताकदीने १६०० मीटर पळवल्याने नडगीचे हाड दुखू लागते, कधी त्याला बारीक तडाही जातो, आणि ऐन भरतीत उमेदवार लंगडत उभा राहतो. आठवड्यात दोनच दिवस जोरात पळायचे, बाकी दिवस सावकाश, मातीवर किंवा गवतावर, पोटरीची आणि कमरेची ताकद वाढवायची, एवढे सांगणारा शिकलेला माणूस तिथे असला तरी केवढा फरक पडेल! बी.पी.एड. होऊन नोकरीची वाट पाहत बसलेल्यांनी या अकादम्यांकडे कमीपणाने पाहू नये. विद्यार्थी आहेत, फी देण्याची तयारी आहे, गरज खरी आहे, आणि ज्ञानाची तिथे तीव्र टंचाई आहे.

इथूनच विषय येतो अ‍ॅथलेटिक डेव्हलपमेंटचा, म्हणजे खेळाच्या कौशल्यापलीकडे खेळाडूचे शरीर घडवण्याच्या विद्येचा. व्यवसाय म्हणून तिचे वय फार नाही. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या नेब्रास्का विद्यापीठात बॉइड एपली हा पोलव्हॉल्ट करणारा विद्यार्थी पाठीच्या दुखापतीमुळे वजने उचलून व्यायाम करायचा. अमेरिकन फुटबॉलच्या संघातले जखमी खेळाडू त्याच्याबरोबर व्यायाम करू लागले आणि पूर्वीपेक्षा दणकट होऊन परतू लागले. मग संघाने त्याला तासाला दोन डॉलरवर नेमले. वजने उचलल्याने माणूस मंदावतो असा तेव्हा समज होता, म्हणून एक जरी खेळाडू हळू झाला तरी तुला काढून टाकू, अशी तंबीही मुख्य प्रशिक्षकाने दिली. कोणी हळू झाले नाही. १९७८ मध्ये याच एपलीने अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभारली. आज तिची सीएससीएस ही परीक्षा भारतातल्याही अनेक ट्रेनरांचे स्वप्न असते.

आपल्याकडे ही विद्या क्रिकेटच्या दारातून आली. जॉन राइट प्रशिक्षक असताना एड्रियन ले रू आणि अँड्र्यू लिपस यांनी भारतीय संघाला व्यायामाची आणि दुखापतीनंतर परतण्याची शिस्त लावली. २०१७ मध्ये यो-यो या धावण्याच्या दमसास चाचणीत १६.१ चा आकडा गाठल्याशिवाय निवड नाही असे ठरले आणि चाचणीचे नाव घराघरात पोहोचले. नीरज चोप्राला टोकियोच्या सुवर्णापर्यंत नेणारे क्लाउस बार्टोनिट्झ हे मुळात बायोमेकॅनिक्सचे, शरीराच्या हालचालींच्या शास्त्राचे तज्ज्ञ. मोठ्या संघांत आता मुख्य प्रशिक्षकाभोवती ट्रेनर, फिजिओ, आहारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, व्हिडिओ विश्लेषक अशी माणसे दिसतात. ज्याला स्वतःला उत्तम खेळता येत नाही, पण खेळ मनापासून आवडतो आणि विज्ञानाची गोडी आहे, त्याच्यासाठी ही दारे प्रथमच उघडली आहेत.

पण या विद्येची खरी जागा राष्ट्रीय संघात आहे असे मला वाटत नाही. ती आहे आठ ते सोळा वर्षांच्या मुलांमध्ये. मुलींची उंची साधारण ११-१२ व्या वर्षी आणि मुलांची १३-१४ व्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. त्या काळात हाडे पुढे जातात आणि स्नायू मागून येतात. काल सहज उडी मारणारे पोर आज अवघडून पळते, गुडघ्याच्या खाली टेंगूळ येऊन दुखू लागते. माहिती नसलेला प्रशिक्षक म्हणतो, आळशी झाला आहे, अजून उड्या मारायला लावा. जाणकार प्रशिक्षक दर तीन महिन्यांनी मुलांची उंची मोजून वहीत लिहितो, वाढीचा वेग दिसला की उड्या आणि पळणे कमी करतो, तोल आणि तंत्रावर भर देतो, आणि घाबरलेल्या आईवडिलांना समजावतो की हे दुखणे बहुधा वाढीबरोबर जाईल, पण डॉक्टरांना दाखवा. लहान मुलांनी वजन उचलले तर उंची खुंटते हा समजही त्यालाच दूर करावा लागतो. नीट शिकवलेला, हलक्या वजनाचा, देखरेखीखालचा ताकदीचा व्यायाम मुलांना अपाय करत नाही, उलट दुखापतींपासून वाचवतो. फिफाने तयार केलेला वीस मिनिटांचा ‘इलेव्हन प्लस’ हा वॉर्मअप नियमित केल्याने दुखापती जवळपास एक तृतीयांश कमी झाल्याचे अभ्यासांतून दिसले आहे. त्याला ना महागडे यंत्र लागते ना वातानुकूलित जिम. लागते ते रोज, न कंटाळता, नीट करून घेणारे माणूस.

आणि नेमक्या याच माणसाला आपल्या व्यवस्थेत सर्वांत कमी पैसे मिळतात. भारतीय संघाच्या ट्रेनरचा करार मोठा, राज्य संघाच्या ट्रेनरचा त्याहून लहान, चौदा वर्षांखालच्या मुलांना घडवणाऱ्याला मानधन. त्यामुळे हुशार प्रशिक्षक दोन-तीन वर्षांत मोठ्या गटाकडे सरकतो आणि लहान मुले पुन्हा एखाद्या नवशिक्याच्या हाती येतात. प्रशिक्षणातली बढती म्हणजे मुलांपासून दूर जाणे, अशी ही रचना झाली आहे. ती बदलल्याशिवाय वरच्या थरावर कितीही परदेशी तज्ज्ञ आणले तरी त्यांच्या हाती अर्धवट घडलेली, कधी आधीच मोडलेली शरीरे येत राहतील.

पात्रतेचा प्रश्नही इथेच येतो. भारतात प्रशिक्षक म्हणून काम करायला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. गळ्यात शिटी घालून कोणीही अकादमी काढू शकतो. शनिवार-रविवारच्या दोन वर्गांत ‘स्पोर्ट्स ट्रेनर’चे प्रमाणपत्र देणाऱ्या जाहिराती भरपूर आहेत. अमेरिकेत सीएससीएसच्या परीक्षेला आजवर कोणत्याही शाखेची पदवी चालत असे, २०३० पासून मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाचीच पदवी लागणार आहे. आपल्याकडे २०१८ च्या कायद्याने मणिपूरमध्ये राष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ झाले, तरी पालकांनी कोणाच्या हाती मूल सोपवावे याचा साधा निकष अजून नाही.

त्याची किंमत कधी फार मोठी असते. २०२३ मध्ये महिला कुस्तीगीर लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन दिल्लीत जंतरमंतरवर धरणे धरून बसल्या, तेव्हा खेळातली सत्ता मुलींशी कशी वागू शकते ते देशाने पाहिले. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने सुरक्षित खेळाचे धोरण संघटनांवर बंधनकारक केले, हे चांगले झाले. पण तालुक्याच्या मैदानावर सुरक्षितता येते ती मैदानावर बाई प्रशिक्षक असण्याने. टोकियो ऑलिंपिकमधल्या प्रशिक्षकांत स्त्रिया १३ टक्क्यांच्या आसपास होत्या, मग आपल्या तालुक्यांबद्दल काय बोलावे? पाळीच्या काळातले प्रशिक्षण, रक्तातले लोह, अति व्यायाम आणि अपुऱ्या खाण्याने पाळी थांबणे, या गोष्टी मुलगी पुरुष प्रशिक्षकाशी सहसा बोलत नाही. मुलींनी या पेशात यायला हवे ते यासाठी.

उत्तेजकांचा विषय थोडक्यात सांगतो, पण तो हलका नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२३ च्या आकडेवारीत भारताच्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के, मोठ्या देशांत सर्वाधिक. शरीरात जे सापडेल त्याला खेळाडूच जबाबदार, हा नियम असला तरी सोळा वर्षांच्या मुलाच्या हातात पावडरीचा डबा बहुतेक वेळा मोठे माणूसच ठेवते. या व्यवसायात येणाऱ्याने पहिल्या दिवशी हे ठरवूनच यावे.

चांगले उदाहरण हवे असेल तर आपल्या नेमबाजीकडे पाहावे. संजय चक्रवर्ती यांनी अंजली भागवत, सुमा शिरूर, दीपाली देशपांडे यांना घडवले. तिघी ऑलिंपिकपर्यंत गेल्या. पुढे सुमा आणि दीपाली स्वतः प्रशिक्षक झाल्या, सुमाने पनवेलला लक्ष्य क्लब उभारला, दोघींनाही द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. दीपालीच्या मार्गदर्शनाखाली स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या साखळीचा सुरुवातीचा दुवा लोकांच्या फारसा लक्षात राहिला नाही. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नीलला वडिलांनी २००९ मध्ये क्रीडा प्रबोधिनीत घातले. ही राज्याच्या क्रीडा खात्याची निवासी योजना. तिथे पहिले वर्ष सर्वांगीण व्यायामाचे होते. त्यानंतर एक खेळ निवडायचा होता, त्याने नेमबाजी निवडली. आधी शरीर, मग खेळ हा क्रम एका सरकारी योजनेने पाळला आणि पंधरा वर्षांनी त्याचे पदक झाले. मल्लखांबातही दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी असेच दशकानुदशके काम केले आणि २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

या पेशात येऊ पाहणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच. आधी एक भक्कम पदवी घ्या: बी.पी.एड., फिजिओथेरपी किंवा क्रीडाविज्ञान. त्यावर एका खेळाचा अधिकृत परवाना किंवा एनआयएस. प्रथमोपचार आणि सीपीआर शिकाच. मग निदान दोन वर्षे एखाद्या चांगल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली, तीही लहान मुलांच्या गटावर, काढा. रोजची वही ठेवा: कोणत्या मुलाने काय केले, कोणाला कुठे दुखले, कोण का आले नाही. नोकरी घेताना पगाराइतकेच लेखी करार, विमा आणि भविष्यनिर्वाह निधी यांबद्दल विचारा. विचारायला संकोच वाटतो, कारण ‘सर’ पैशाचे बोलत नाहीत अशी आपली समजूत आहे. त्या समजुतीने आजवर अनेक चांगल्या प्रशिक्षकांना हे काम सोडायला लावले.

आणि राज्याकडे एक मागणी. तालुका क्रीडा संकुलांच्या इमारती आणि ट्रॅकसाठी आपण पैसे देतो. प्रत्येक संकुलात आठ ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एक पूर्णवेळ, कायम पद असावे, प्रशिक्षित व्यक्तीचे, आणि निम्म्या तालुक्यांत ती व्यक्ती स्त्री असावी. तिची वेतनश्रेणी माध्यमिक शिक्षकाच्या बरोबरीची हवी आणि बढतीसाठी तिला मुले सोडावी लागू नयेत. तिच्या कामाचे मोजमाप जिल्ह्याच्या पदकांवरून करू नये. पाच वर्षांनी किती मुले अजून मैदानावर येतात आणि किती जण दुखापतीने घरी बसले, हे पाहावे.